ऐकीव साक्षीवर शिक्षा झाली, खटला नीट चालला नाही: अपील कसं उभं करायचं

कोर्टाने दोषी ठरवलं की घरची माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात. "त्या साक्षीदाराने स्वतः काही पाहिलंच नव्हतं" आणि "आमची बाजू कुणी ऐकून घेतली नाही." दोन्ही मुद्दे अपिलात चालतात आणि त्यावर शिक्षा रद्दही होतात. पण अपिलाचं कोर्ट साक्षीदार पुन्हा बोलावत नाही. त्याच्यासमोर खालच्या कोर्टातले कागद असतात आणि त्या कागदांवर जे उमटलं आहे तेवढंच त्याला दिसतं. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा: चूक झाली एवढं सांगून भागत नाही. ती चूक कुठल्या पानावर आहे आणि तिच्यामुळे निकालाचा कोणता भाग उभा राहिला, हे दोन्ही दाखवावं लागतं. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच एका कामासाठी आहे.

हे लिहिताना महाराष्ट्रातली कोर्टं डोळ्यांसमोर आहेत. वकील लागणारच. पण कागद जमवणं, तारखा सांभाळणं आणि वकिलाला नेमकी पानं काढून देणं हे काम घरचं माणूस उत्तम करू शकतं आणि त्याने फार फरक पडतो.

कलमांविषयी एक खुलासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याआधी सुरू असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली आणि जुन्या पुरावा कायद्याखाली पुढे चालवण्याची तरतूद आहे. तुमचा खटला कशाखाली चालला ते निकालपत्रात दिसेल. आशय बहुतेक ठिकाणी तोच आहे, क्रमांक बदललेत. म्हणून मी नवा क्रमांक देतो आणि गरज आहे तिथे जुनाही.

पहिलं काम: मुदत आणि नक्कल

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर अपील सेशन्स कोर्टात आणि मुदत ३० दिवस. सेशन्स कोर्टाने दिली असेल, किंवा कोणत्याही कोर्टाने सात वर्षांहून जास्त कैद दिली असेल, तर अपील उच्च न्यायालयात आणि मुदत ६० दिवस. सेशन्स कोर्टाने फाशी दिली असेल तर मुदत ३० दिवसच, आणि अशी शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. खास कायद्यांत मुदत वेगळी असते. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायद्याखालच्या निकालांना ती ३० दिवसांची आहे, त्यामुळे "सेशन्सचा निकाल आहे, दोन महिने आहेत" असं गृहीत धरू नका. गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेवर साधारणपणे फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा ती कायद्याला धरून आहे की नाही एवढ्याबद्दल अपील होतं, आणि अगदी किरकोळ दंडाच्या शिक्षेला अपील नाही.

कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालपत्राची प्रत विनामूल्य आणि लगेच मिळाली पाहिजे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०४, जुनं ३६३). हा उपकार नव्हे, हक्क आहे. एम. एच. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला निकालाची प्रत वेळेत मिळणं आणि अपिलासाठी मोफत वकील मिळणं या दोन्ही गोष्टी योग्य न्यायप्रक्रियेचाच भाग ठरवल्या. ही प्रत मिळाली तरी त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा. नक्कल तयार व्हायला कोर्टाला लागलेला वेळ मुदतीतून वगळला जातो, पण नक्कल तयार असताना तुम्ही ती न्यायला गेला नाहीत तो वेळ वगळला जात नाही.

मुदत उलटली असेल तरी हात टेकू नका. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. तुरुंगात असणं, पैसे नसणं, वकिलाने फाइल परत न देणं ही कारणं तारखांसह लिहावीत. "अपरिहार्य कारणास्तव" असं मोघम लिहिलेला अर्ज मात्र कमकुवत ठरतो.

माणूस आत असेल तर तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येतं (कलम ४२४). मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे. कोठडीतली व्यक्ती, स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

कुठल्या पीठाकडे जायचं हे निकाल देणाऱ्या जिल्ह्यावरून ठरतं: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. कोल्हापूरकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत.

दुसरं काम: शिक्षा तहकूब करून घेणं

अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. कलम ४३० (जुनं ३८९) खाली वेगळा अर्ज लागतो. आरोपी खटल्यात जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपील करण्यापुरता जामीन देतं. हा अर्ज निकालाच्या दिवशी, तिथल्या तिथे द्यायचा असतो. त्यामुळे निकालाच्या तारखेला जामीनदार आणि त्याची कागदपत्रं बरोबर ठेवा.

मोठ्या शिक्षेत हा अर्ज अपिलाच्या कोर्टात होतो. फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी देऊनच कोर्ट निर्णय देतं. इथे सगळं अपील उलगडत बसू नये. निकालातला सर्वांत उघडा दोष एक-दोन पानांत दाखवावा, आतापर्यंत किती दिवस आत काढले ते सांगावं आणि अपील लवकर सुनावणीला येण्याची शक्यता नसेल तर तेही सांगावं. अपील वर्षानुवर्षं ऐकलं जाणार नसेल तर माणसाला आत ठेवणं न्याय्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरा सिंग (१९७७) प्रकरणात स्पष्ट म्हटलेलं आहे. सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधी यांनी एक फरक लक्षात ठेवावा: शिक्षा तहकूब झाली तरी दोषसिद्धी कायमच असते. तिला स्थगिती हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचितच मिळते.

तिसरं काम: रेकॉर्ड जमवणं, आणि त्यात रोजनामा

दोषारोपपत्र (पोलिसांनी दाखल केलेलं), दोषारोप (कोर्टाने ठेवलेला), प्रत्येक साक्षीदाराची सरतपास-उलटतपास (त्याला बोलावणाऱ्या आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाने घेतलेली तपासणी), निशाण्या म्हणजे कोर्टाचे पुरावा क्रमांक पडलेले सगळे कागद, आरोपीचा जबाब, दोन्ही बाजूंचे अर्ज आणि त्यावरचे आदेश, लेखी युक्तिवाद, निकालपत्र. हे सगळं हवं. पण बहुतेक घरांतून एक कागद येतच नाही आणि मला तोच आधी लागतो: रोजनामा.

कोर्टात कोणत्या तारखेला काय झालं याची नोंद रोजनाम्यात असते. आरोपीला तुरुंगातून आणलं होतं का, वकील हजर होते का, साक्षीदाराची उलटतपासणी "नाही" म्हणून बंद केली का, तहकुबीचा अर्ज कुणी दिला आणि का नाकारला. खटला अन्यायाने चालला असं म्हणायचं असेल तर त्याचा पहिला पुरावा तिथेच सापडतो. निकालपत्रात "आरोपीस पुरेशी संधी देण्यात आली" असं एक वाक्य असतं. रोजनामा वाचला की कळतं, ती संधी म्हणजे विधी सेवेतून त्याच सकाळी नेमलेल्या वकिलाने दुपारी घेतलेली मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी होती.

साक्ष मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्ही नोंदलेली असेल तर दोन्ही शेजारी ठेवून ओळीने वाचा. साक्षीदार मराठीत "मला समजलं" म्हणालेला असतो आणि दुसऱ्या नोंदीत "मी पाहिलं" असा अर्थ उतरलेला असतो. ऐकीव पुराव्याच्या अपिलात हा एक शब्द फार मोठा ठरू शकतो.

चौथं काम: ऐकीव भाग वेगळा काढणं

नियम साधा आहे. साक्ष्य अधिनियमाचं कलम ५५ (जुनं ६०) म्हणतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याची असेल तर ऐकणाऱ्याने. दुसऱ्याने पाहिलेली गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून आली की तिची उलटतपासणी होऊ शकत नाही. खरा सांगणारा शपथेवर उभाच नसतो. किती उजेड होता, तो किती अंतरावर होता, त्याचं आरोपीशी वैर होतं का, हे कुणाला विचारणार?

प्रत्यक्षात हे कसं करायचं ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. मृताची बहीण साक्ष देते: "रात्री साडेनऊला पुतण्याचा फोन आला. तो म्हणाला, आरोपीने दादाला कोयत्याने मारलं. मी धावत गेले. दादा अंगणात पडला होता. बोलत नव्हता." निकालपत्र म्हणतं, या साक्षीवरून आरोपीनेच हल्ला केल्याचं सिद्ध होतं.

या पाच वाक्यांतली चार निर्दोष आहेत. फोन आला, ती गेली, दादा पडलेला होता, बोलत नव्हता: हे तिने स्वतः अनुभवलंय. ऐकीव आहे ते फक्त फोनवरच्या बोलण्यातलं तथ्य. आता चार प्रश्न विचारायचे.

पुतण्याची साक्ष झाली आहे का? झाली नसेल तर तो मजकूर आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. दोषारोपपत्राच्या यादीत त्याचं नाव असून सरकार पक्षाने त्याला तपासलं नसेल, तर त्याची साक्ष सरकार पक्षाला अडचणीची ठरली असती असं अनुमान काढण्याची विनंतीही करता येते (कलम ११९, जुनं ११४).

साक्ष झाली असेल तर तो स्वतः काय म्हणाला? त्याने पाहिल्याचं सांगितलं असेल तर फोनवरचं बोलणं त्याच्या साक्षीला दुजोरा म्हणून येऊ शकतं (कलम १६०, जुनं १५७). तो फितूर झाला असेल तर बहिणीच्या तोंडून आलेला मजकूर त्याची रिकामी जागा भरू शकत नाही. ही गफलत निकालपत्रांत वारंवार दिसते.

फोन हल्ला चालू असताना किंवा त्याच क्षणी केलेला होता का? तसं असेल तर सरकारी वकील कलम ४ (जुनं ६) पुढे करतील: त्याच घटनेचा भाग असलेलं बोलणं. त्याला उत्तर वेळेत आहे. जेंटेला विजयवर्धन राव (१९९६) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बनाव करायला पुरेल एवढं अंतर मध्ये पडलं असेल, मग ते कितीही थोडं असो, तर ते बोलणं घटनेचा भाग राहत नाही. म्हणून कॉल रेकॉर्डची वेळ, वर्दीतली (पोलिसांना दिलेल्या पहिल्या खबरीतली) घटनेची वेळ आणि घरापासूनचं अंतर एका कागदावर मांडा.

आणि शेवटचा: मूळ बोलणारा हयात आहे का? नसेल तर कलम २६ (जुनं ३२) येतं. मृत्यूचं कारण किंवा मृत्यू ज्यात झाला ती परिस्थिती याबद्दल मृताने स्वतः केलेलं कथन पुराव्यात येतं आणि ते ऐकणारा साक्षीदार सांगू शकतो. मरण जवळ आल्याची जाणीव असलीच पाहिजे अशी अट आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे "मृत्युपूर्व जबाब ऐकीव आहे" असं ओरडण्यात वेळ घालवू नका. तो जबाब कुणी, कधी, कोणत्या अवस्थेत घेतला, आजूबाजूला नातेवाईक होते का, दोन जबाबांत फरक आहे का, हे तपासा. डॉक्टरचं शेरापत्र नाही एवढ्यावरही जबाब पडत नाही. घटनापीठाने लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) मध्ये तो प्रश्न निकाली काढलाय.

पुतण्याचं उदाहरण सोपं होतं, कारण "तो म्हणाला" हे शब्द साक्षीतच होते. खरा धोका ऐकीव पुरावा दुसऱ्या वेषात येतो तिथे असतो. या जागा मी आधी पाहतो:

तपासी अंमलदाराची साक्ष. "तपासात असं निष्पन्न झालं की आरोपींनी आदल्या दिवशी कट रचला." निष्पन्न कशावरून? कुणाच्या तरी जबाबावरून. पोलिसांसमोरचा जबाब पुरावा म्हणून वापरायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ची (जुनं १६२) मनाई आहे आणि अंमलदाराच्या तोंडून तोच जबाब आत येतो. गुप्त बातमीदाराची खबरही तशीच. पोलीस तिथे का गेले एवढंच तिने कळतं, खबर खरी होती हे सिद्ध होत नाही.

घटनास्थळाचा नकाशा आणि पंचनामा. "साक्षीदार क्र. २ इथे उभा होता" अशी खूण नकाशात असते. काढणाऱ्याने तिथे कुणाला उभं पाहिलेलं नसतं, कुणीतरी सांगितलेलं असतं. तोरी सिंग (१९६२) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी नोंद कलम १६२ खाली बाद धरली.

दवाखान्याचे कागद. जखमा कुठे, किती खोल, कशाने झाल्या असाव्यात हे डॉक्टर सांगू शकतात. पण हिस्ट्रीच्या रकान्यात "अमुकने मारहाण केली" असं लिहिलेलं असेल तर ते कुणी सांगितलं हे बघा. बरोबर आलेल्या शेजाऱ्याने सांगितलं असेल तर ते ऐकीवच, कागदावर शिक्का असला तरी. जखमीने सांगितलं आणि तो नंतर वारला, तर कलम २६ लागू शकतं.

वर्दी. ती मूळ पुरावा नाही. देणाऱ्याच्या साक्षीला दुजोरा द्यायला किंवा त्याला खोडायला ती वापरतात. देणारा साक्षीला आलाच नसेल तर वर्दीतल्या हकिकतीवर निकाल उभा राहू शकत नाही.

निवेदन पंचनामा, म्हणजे वस्तू काढून देण्याआधी आरोपीने पोलिसांसमोर केलेल्या निवेदनाची नोंद. "ज्या कोयत्याने मी त्याला मारलं तो मी काढून देतो." पोलिसांसमोरची कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ने बाद आहे. आत येतो तो शोधाशी थेट जोडलेला तुकडाच. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात आखलेली ही रेघ आजही चालते. "ज्या कोयत्याने मी त्याला मारलं" हा तुकडा निकालात वापरला असेल तर नेमकं ते वाक्य उतरवून घ्या. हा ऐकीव पुराव्याचा प्रश्न नाही, पण याच तपासणीत सापडतो. मोबाइलमधली संभाषणं आणि सीसीटीव्हीही याच फेरीत बघावेत. कलम ६३ (जुनं ६५ब) खालचं प्रमाणपत्र नसेल तर अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालाचा आधार मिळतो.

जे ऐकीव नाही त्याला ऐकीव म्हणू नका. आरोपीने स्वतः साक्षीदाराला दिलेली धमकी साक्षीदाराने स्वतः ऐकलेली असते. एखादं बोलणं खरं होतं हे दाखवायचं नसून ते बोललं गेलं एवढंच दाखवायचं असेल, तेही ऐकीव नाही. अशा दहा दुबळ्या हरकतींत खरी एक हरकत बुडून जाते.

पाचवं काम: खटला न्यायाने चालला का

इथे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५११ (जुनं ४६५) आडवं येतं. प्रक्रियेत चूक, उणीव किंवा अनियमितता झाली एवढ्याने निकाल उलटत नाही. त्या चुकीमुळे न्याय डावलला गेल्याचं दिसलं पाहिजे. शिवाय ती हरकत आधी घेता आली असती का, हेही कोर्ट बघतं. पुराव्याच्या बाबतीत साक्ष्य अधिनियमाचं कलम १६९ (जुनं १६७) तेच म्हणतं: चुकीने घेतलेला पुरावा वगळूनही शिक्षेला पुरेसा पुरावा उरत असेल तर निकाल टिकतो. या दोन कलमांना उत्तर देता आलं नाही तर बाकी सगळं लिहिलेलं वाया जातं.

वकिलाचा प्रश्न सर्वांत मोठा. राज्यघटनेची कलमं २२ आणि ३९अ आपल्याला वकिलाचा हक्क देतात. मूक बसलेला वकील म्हणजे वकील नव्हे. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०१९) मध्ये विधी सेवेच्या वकिलाला नेमणुकीच्याच दिवशी पुढे जावं लागलं होतं आणि खटला पंधरवड्याच्या आसपास संपला होता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशीच्या शक्यतेच्या खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलेच वकील नेमावेत आणि तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत, असंही घालून दिलं. तुमच्या रोजनाम्यातली नेमणुकीची तारीख आणि मुख्य साक्षीदाराच्या उलटतपासणीची तारीख यांच्याशी हे ताडून बघा. "वकील चांगला नव्हता" या तक्रारीने मात्र काही होत नाही. कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही आणि त्याचं उत्तर रेकॉर्डवर दुसरीकडे कुठे दिसतंय, हे दाखवा.

आरोपीचा जबाब (कलम ३५१, जुनं ३१३) हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी पान आहे. ज्या ज्या गोष्टीवर कोर्टाला शिक्षा द्यायची आहे ती प्रत्येक गोष्ट आरोपीला प्रश्न म्हणून विचारावी लागते. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जी परिस्थिती आरोपीसमोर ठेवलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. एका हाताला निकालपत्र घ्या, दुसऱ्या हाताला हा जबाब. निकालातल्या प्रत्येक कारणापुढे प्रश्नाचा क्रमांक लिहा. जिथे क्रमांक सापडत नाही तिथे मुद्दा आहे. दहा गोष्टी एकाच प्रश्नात कोंबल्या असतील तर तोही मुद्दा आहे. पण प्रश्न विचारला असता तर आरोपीने काय खुलासा दिला असता, हे सांगायची तयारी ठेवा. शिवाजी साहबराव बोबडे (१९७३) निकालानुसार अपिलाचं कोर्ट तो खुलासा आरोपीच्या वकिलाला तिथेच विचारू शकतं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. आरोपीच्या गैरहजेरीत नोंदलेला पुरावा. दोषारोपपत्राबरोबरचे कागद न देणं. बचावाचे साक्षीदार नाकारणं. कलम ३४८ (जुनं ३११) खाली साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज कारण न देता फेटाळणं. दोषारोपात नसलेल्या आरोपावर शिक्षा. न्यायाधीशांनी साक्षीदाराला धाक घालणं; राम चंदर विरुद्ध हरियाणा राज्य (१९८१) मध्ये यावर कडक शब्द आहेत. यांतला जो तुमच्या रेकॉर्डमध्ये खरोखर आहे तोच घ्या.

हरकत त्या वेळी घेतली नव्हती, आता काय? कागद सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत वेळेत घेतली नाही तर ती सोडून दिली असं धरतात. पण कायद्याने मुळातच न चालणारा पुरावा कुणी गप्प बसल्याने चालू होत नाही. ऐकीव कथन या दुसऱ्या प्रकारात बसतं, हे मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, ठळकपणे लिहा.

पोलिसांसमोरच्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदाराने कोर्टात नव्याने सांगितली असेल, तर ती उणीव उलटतपासणीत विचारून तपासी अंमलदाराकडून सिद्ध करून घेतलेली असावी लागते. तसं झालं नसेल तर अपिलात तो जबाब सरळ वाचून दाखवता येत नाही. म्हणून अंमलदाराची उलटतपासणी आधी वाचा.

सहावं काम: मेमो

बहुतेक मेमोंत हे वाक्य असतं: "विद्वान खालच्या कोर्टाने पुराव्याचं योग्य मूल्यमापन केलं नाही." त्याने काहीच कळत नाही. तोच मुद्दा असा लिहावा:

"निकालपत्राच्या परिच्छेद ३४ मध्ये आरोपी हल्लेखोर असल्याचा निष्कर्ष साक्षीदार क्र. ४ च्या सरतपासातील परिच्छेद २ वर काढला आहे. ते कथन पुतण्याने फोनवर सांगितलेल्या मजकुराचं आहे. पुतण्या दोषारोपपत्राच्या यादीत क्र. ९ वर असूनही तपासला नाही. कलम ५५ नुसार ते कथन बाद आहे. ते वगळल्यास आरोपीला घटनास्थळी दाखवणारा कोणताही पुरावा उरत नाही, साक्षीदार क्र. १, ३ आणि ६ नंतर पोहोचले (त्यांचे उलटतपास, परिच्छेद ५, ४ आणि ७)."

शेवटचं वाक्य कलम १६९ला उत्तर देतं. प्रत्येक मुद्दा अशा वाक्यावर थांबला पाहिजे.

मागण्यांचा क्रम हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे आणि इथे घाई नको. ऐकीव पुरावा वगळून काही उरत नसेल तर मागणी निर्दोष सुटकेची. खटला अन्यायाने चालला म्हणाल तर कोर्टाचा साहजिक कल फेरखटल्याकडे जातो. फेरखटला म्हणजे पुन्हा सगळी वर्षं, आणि न तपासलेला पुतण्या या वेळी साक्षीला उभा राहण्याची शक्यता. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) मध्ये घटनापीठाने सांगितलंय की फेरखटला अपवादानेच द्यावा, सरकार पक्षाला पुराव्यातली भगदाडं बुजवायला नव्हे. हा निकाल जवळ ठेवा. म्हणून क्रम असा: आधी सुटका, ती नाकारली तर फेरखटला किंवा ठरावीक टप्प्यापासून पुढे कामकाज, तेही नाही तर हलक्या कलमाखाली शिक्षा किंवा शिक्षेत कपात. पुरावा बराच भक्कम असून खटला मात्र खरोखर एकतर्फी चालला, अशा प्रकरणात फेरखटला हाच खरा दिलासा असतो, आणि तिथे तो संकोच न करता पहिला मागावा. आरोपीनेच अपील केलं असेल तर त्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही (कलम ४२७), ही भीती मनातून काढून टाका. राज्याने किंवा पीडित पक्षाने वेगळं अपील केलंय का, तेवढं पाहून घ्या.

रेकॉर्डवर नसलेला एखादा कागद निर्णायक असेल तर कलम ४३२ (जुनं ३९१) खाली जादा पुराव्याचा अर्ज करता येतो. तो खटल्यात का आला नाही, याचं खरं कारण लागतं.

सुनावणी आणि नंतर

अपील दाखल करून घेतलं की रेकॉर्ड मागवतात, पेपरबुक (खटल्याच्या कागदांचा बांधलेला संच) तयार होतं आणि अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायला वेळ लागतो. ई-कोर्ट्सवर प्रकरण क्रमांक टाकून तारीख दर आठवड्याला बघा. वकील हजर नाहीत म्हणून फौजदारी अपील नुसतं काढून टाकता येत नाही. बानी सिंग (१९९६) निकालानुसार कोर्टाने रेकॉर्ड वाचून गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो. पण आपल्या बाजूने कुणी बोललं नाही असा निकाल कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

युक्तिवादासाठी वकिलांना दोन पानांचा तक्ता करून द्या. डाव्या रकान्यात निकालाचं प्रत्येक कारण आणि परिच्छेद, मध्ये ते ज्या पुराव्यावर आहे त्याची निशाणी आणि पान, उजवीकडे तो पुरावा का चालत नाही. जो पुरावा आपल्या विरोधात जातो आणि खरोखर चालतो, तोही त्यात ठेवा. न्यायमूर्ती तोच पहिला विचारतात.

अपील चालू असताना आरोपीचं निधन झालं, तर कैदेच्या शिक्षेविरुद्धचं अपील जवळचे नातेवाईक ३० दिवसांत परवानगी मागून पुढे चालवू शकतात (कलम ४३५). माणूस गेला तरी त्याच्या नावावरचा डाग पुसण्याची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे, आणि ती घरच्यांना माहीत असायला हवी.

सेशन्स कोर्टाने अपील फेटाळलं तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (कलम ४३८). उच्च न्यायालयाने फेटाळलं तर राज्यघटनेच्या कलम १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, मुदत ९० दिवस. खालच्या कोर्टाचा सुटकेचा निकाल फिरवून उच्च न्यायालयाने फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षा दिली असेल तर सर्वोच्च न्यायालयात अनुमतीची गरज नाही, तिथे थेट अपिलाचा हक्क आहे (कलम ४२०). उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल त्याच दिवशी मागा, आणि साक्षी मराठीत असतील तर त्यांची इंग्रजी भाषांतरं तेव्हाच सुरू करा, कारण त्या ९० दिवसांतला बराचसा वेळ त्यातच जातो.